प्रोसेसरचे वारंवारता-नियमन (लिनक्स)

प्रोसेसरवरील कामाच्या भारानुसार त्याची वारंवारता व विद्युतदाब कमी-जास्त करण्याची व्यवस्था. गतिक वीजवापर, म्हणजे सर्किटे चालू-बंद होताना खर्च होणारी वीज, वारंवारतेच्या समप्रमाणात, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे दाब तसाच ठेवून नुसता वेग उतरवल्यास तेवढ्याच कामामागे फारशी बचत होत नाही. पेंटियम ४ साठीचा ‘पी४-क्लॉकमॉड’ ड्रायव्हर याच कारणाने कुचकामी मानला जातो.

या तंत्राचे जनकत्व कोणा एकाकडे देणे अवघड आहे. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातील मार्क वाइझर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये भारानुसार वेग बदलण्याच्या पद्धतींची तुलना केली होती. बाजारात मात्र इंटेलचे स्पीडस्टेप, एएमडीचे पॉवरनाऊ आणि ट्रान्समेटाचे लाँगरन ही तिन्ही २००० सालच्या सुमारास आली. पहिला मान बहुधा स्पीडस्टेपला दिला जातो. तथापि मूळ स्पीडस्टेप मुख्यत्वे चार्जर जोडला आहे की नाही यावरून दोन वेगांपैकी एक निवडत असे. भार हाच निकष धरल्यास लाँगरनची बाजू अधिक सबळ दिसते.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे काम ‘सीपीयूफ्रेक’ उपप्रणाली करते. वेग कसा निवडायचा हे ठरवणाऱ्या तिच्यातील नियमाला ‘गव्हर्नर’ म्हणतात. तिच्यात ऑनडिमांड गव्हर्नर २००४ मध्ये आणि शेडयुटिल २०१६ मध्ये आला. सँडी ब्रिज व त्यापुढील इंटेल प्रोसेसरसाठी २०१३ पासून ‘इंटेल पीस्टेट’ ड्रायव्हर आहे. त्याच्या सक्रिय अवस्थेतील (ड्रायव्हर स्वतःच वेग ठरवतो तेव्हाचा) ‘पॉवरसेव्ह’ गव्हर्नर प्रोसेसरला किमान वेगावर जखडत नाही, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही.

नौपाडा किंवा वाशीतील दुरुस्तीच्या दुकानात येणारा जुना लॅपटॉप ‘परफॉर्मन्स’ (कमाल वेग मागणारा) गव्हर्नर लावूनही ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेला असेल, तर दोष गव्हर्नरमध्ये शोधण्यात अर्थ नसतो. ‘स्केलिंग मॅक्स फ्रेक’चे (सध्या परवानगी असलेल्या कमाल वेगाचे) मूल्य ‘सीपीयूइन्फो मॅक्स फ्रेक’पेक्षा (प्रोसेसरच्या स्वतःच्या कमाल वेगापेक्षा) कमी असल्यास मर्यादा सॉफ्टवेअरने किंवा बायोसने (मदरबोर्डवरील मूळ प्रणालीने) घातलेली असते. दोन्ही समान असूनही प्रत्यक्ष वेग चढत नसेल आणि थ्रॉटल-गणक (अतितापामुळे वेग किती वेळा रोखला गेला याची मोजणी) वाढत असेल, तर पंख्यात साचलेली धूळ व सुकलेली थर्मल पेस्ट आधी पाहावी. मे महिन्यातील ठाण्याच्या उकाड्यात हा दोष अधिक उघड होतो. गणक स्थिर असल्यास संशय चार्जरवर जातो. डेलच्या अनेक चार्जरांच्या पिनेतील मधली बारीक तार चार्जरची क्षमता लॅपटॉपला कळवते; ती तुटली असेल किंवा चार्जर डुप्लिकेट असेल, तर मदरबोर्ड प्रोसेसरला वेग रोखण्याचा संकेत देतो आणि बॅटरीही चार्ज होत नाही. चार्जर काढताच वेग पूर्ववत झाला, तर निदान जवळजवळ निश्चित समजावे. हा संकेत प्रोसेसरच्या रजिस्टरमधील (अंतर्गत नोंद-खान्यातील) एक बिट बदलून दुर्लक्षिता येतो. परंतु त्यामुळे बोर्डाकडून मिळणारे अतितापापासूनचे संरक्षणही जाते, शिवाय लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर तो बदल टिकत नाही.