विद्युत मोटारींचे चार्जिंग : घरगुती व सार्वजनिक

विद्युत मोटारीतील घटमाला (बॅटरी) पुन्हा भरून घेण्याच्या क्रियेस चार्जिंग किंवा प्रभारण म्हणतात. तिचे वर्गीकरण कोणी शक्तीनुसार मंद व जलद असे करतात, तर कोणी जागेनुसार घरगुती व सार्वजनिक असे. मात्र प्रत्यावर्ती प्रवाहाचे (एसी) एकदिश प्रवाहात (डीसी) रूपांतर गाडीत होते की स्थानकावरील यंत्रात, हा भेद अधिक मूलभूत मानणे योग्य ठरते. लागणारा वेळ व जोडणीचा प्रकार मुख्यतः त्यावरच अवलंबून असतो.

पहिले विद्युत वाहन कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. हंगेरीतील येडलिक यांची प्रतिकृती (सु. १८२८) आणि स्कॉटलंडमधील अँडरसन यांची गाडी (१८३० चे दशक) यांचा उल्लेख होतो, परंतु त्या काळी पुन्हा भरता येणारा व्यवहार्य घट नव्हता. त्यामुळे चार्जिंगचा इतिहास प्लांते यांच्या शिसे-आम्ल घटापासून (१८५९) व त्रूवे यांनी पॅरिसमध्ये चालवलेल्या तीनचाकीपासून (१८८१) धरणे अधिक सयुक्तिक होय. पुढे घरोघरी प्रत्यावर्ती प्रवाह पोहोचला, पण घटाला एकदिश प्रवाहच लागत असल्याने ती वीज थेट वापरता येत नसे. कूपर ह्यूइट यांच्या पारा-बाष्प एकदिशकारकाने, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या साधनाने (सु. १९०२), ही अडचण दूर केली आणि मालकाच्या मोटारखान्यातच गाडी भरणे सोपे झाले. आज घरच्या चार्जिंगमध्ये हे काम अर्धसंवाहक यंत्रणा करते व ती गाडीतच बसवलेली असते.

घरी २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटवर सुमारे ३.३ किलोवॉट शक्ती मिळते. २०२० मध्ये बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीची ३०.२ युनिटची घटमाला पूर्ण भरण्यास या वेगाने नऊ-दहा तास, म्हणजे जवळजवळ एक रात्र लागते. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र तोच भार रात्रभर ओढते. सॉकेटचे स्क्रू सैल असतील, तर पिना तापून काळ्या पडतात व प्लास्टिक वितळू लागते. म्हणून मीटरपासून स्वतंत्र तार, पक्के अर्थिंग व आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर करणे धोक्याचे आहे.

सार्वजनिक जलद स्थानकात एकदिशकारक यंत्रातच असल्याने प्रवाह थेट घटमालेकडे जातो. २०१७ च्या भारत डीसी-००१ या मानकात १५ किलोवॉट शक्ती व जीबी/टी हा जोड (प्लगचा प्रकार) होता. पुढे मोटारींसाठी सीसीएस-२ हा जोड रूढ झाला. घटमाला सुमारे ८० टक्के भरल्यावर प्रवाह कमी केला जातो, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांसाठी यंत्र अडवून ठेवल्यास मागच्या गाडीचा खोळंबा होतो. चार्जिंग स्थानकास वीजपरवाना लागत नाही, असे केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील मार्गदर्शक सूचनांत शहरांत ३ किमी × ३ किमीच्या प्रत्येक चौकटीत किमान एक स्थानक अपेक्षिले होते.

ठाणे व नवी मुंबईत घरगुती व सार्वजनिक ही विभागणी गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळावर येऊन अडते. घोडबंदर रस्त्यावरील मनोऱ्यांत सदनिका विसाव्या मजल्यावर, मीटर तळमजल्याच्या मीटर खोलीत आणि गाडी पोडियमवर (मनोऱ्याच्या पायथ्याच्या वाहनतळ-मजल्यांवर) असते. मीटर खोलीपासून गाडीपर्यंतची तार सामाईक भिंतीवरून जाते. त्यामुळे संस्थेचे ना-हरकत पत्र व मंजूर भार (जोडणीवर वापरता येणारी कमाल शक्ती) हे प्रश्न यंत्राच्या किमतीआधी येतात. नौपाड्यातील जुन्या इमारतींत मुळात वाहनतळच अपुरे आहेत; सिडकोच्या बैठ्या घरांत मात्र दारात गाडी उभी राहत असेल, तर काम बरेच सोपे होते.

खर्चाचा हिशेबही सरळ नाही. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो. एका युनिटमध्ये सात किमी धरल्यास महिन्याच्या हजार किमीला सुमारे १४५ युनिट लागतात. २५० युनिट वापरणारे घर त्यामुळे ३०० चा टप्पा ओलांडते. वाहन चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी असून त्या श्रेणीत स्वतंत्र मीटर घेतल्यास हा चढ टळतो. सार्वजनिक स्थानकावर सेवेच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. घरच्या वीजबिलावर तो नाही.