सुरमईच्या ताटातला रुपया जातो कुठे?

तारकर्लीला एका निवास-न्याहारीच्या घरी उतरलो होतो. रात्री जेवायला सुरमईचं ताट होतं: तळलेल्या दोन तुकड्या, कढी, भात, चपात्या आणि वाटीभर सोलकढी. पैसे देताना घरच्या काकूंना सहज विचारलं, ‘यातले तुमच्याकडे उरतात किती?’ काकू हसल्या. म्हणाल्या, ‘पैसो येता, पण रवणा नाय.’ म्हणजे पैसा येतो, पण राहत नाही.

मग त्यांनी ताटातली एकेक वस्तू बोटांवर मोजली. सुरमई सकाळी मालवणच्या बंदरावरून आणलेली. नारळ परसातला. सोलं उन्हाळ्यात घरीच वाळवलेली. इथपर्यंत सगळं गावातलं. पण कांदे-बटाटे घाटावरून टेम्पोने येतात, दुधाची पिशवी कोल्हापूरकडची, तेल-गॅस-गहू तर आणखी लांबचे. खोलीतल्या चादरी सोलापूरच्या, पाण्याचा पंप कोईमतूरचा. पाहुणा ज्या मोबाइल अ‍ॅपवरून खोली ठरवतो त्याची दलाली वेगळी, आणि ती तर गावाला तोंडही न दाखवता परस्पर जाते. अशी अ‍ॅप्स सर्वसाधारणपणे भाड्याच्या १५ ते २५ टक्के घेतात.

काकू जे म्हणाल्या त्याला अर्थशास्त्रात ‘गळती’ म्हणतात. पर्यटनाने एखाद्या गावाचं भलं झालं की नाही, हे ओळखायला किती गाड्या आल्या ते मोजून फारसा उपयोग नाही. आलेला रुपया गावात किती हात फिरला आणि मग बाहेर पडला, ते पाहायला हवं.

थोडं गणित करू. समजा, पाहुण्याने १००० रुपये खर्च केले आणि त्यातले ३०० गावातल्या कुणाच्या तरी खिशात गेले. त्या माणसानेही ३० टक्केच गावात खर्चले, म्हणजे ९०. पुढच्याने २७. ही साखळी बारीक होत होत संपते आणि एकूण गावाच्या पदरात साधारण ४२८ रुपये पडतात. आता दर फेरीला ३०ऐवजी ६० टक्के गावात राहतात असं धरा. ६००, मग ३६०, मग २१६... बेरीज होते १५००. गावात राहणारा वाटा दुप्पट झाला, पण गावाची कमाई साडेतीन पट झाली. पाहुण्याचा एक रुपया फिरून फिरून गावाला एकूण किती रुपये मिळवून देतो, त्या आकड्याला ‘गुणक’ म्हणतात. रिचर्ड कान या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९३१ साली ही कल्पना रोजगाराच्या संदर्भात मांडली आणि जॉन मेनार्ड केन्स या त्याच्याच देशाच्या अर्थशास्त्रज्ञाने ती पुढे नेली. हे आकडे अर्थात समजण्यापुरते घेतलेत. खऱ्या गावाचा गुणक काढायचा तर कोण कुणाकडून काय घेतं याचं भलंमोठं कोष्टक मांडावं लागतं. अशी कोष्टकं रचण्याची पद्धत बसवल्याबद्दल वासिली लिओन्टिएफ यांना १९७३चं नोबेल मिळालं.

इथे एक गंमत आहे. पर्यटन हा ‘उद्योग’ म्हणून सरकारी हिशेबाच्या वहीत सापडतच नाही. साखर म्हटलं की कारखाना दाखवता येतो, कापड म्हटलं की माग. पर्यटनात काय दाखवणार? तीच सुरमई मालवणच्या माणसाने खाल्ली तर ते रोजचं जेवण, पुण्याच्या माणसाने खाल्ली तर पर्यटन. माल तोच, रिक्षा तीच, फक्त गिऱ्हाईक बदललं. म्हणून जगभर यासाठी देशाच्या उत्पन्नाच्या मुख्य लेख्याच्या, म्हणजे हिशेबाच्या, जोडीला वेगळा ‘पर्यटन उपग्रह लेखा’ ठेवतात. भारताने तो पहिल्यांदा २००२-०३ या वर्षासाठी केला. आणि गावाच्या नजरेने पाहिलं तर पर्यटन ही चक्क निर्यात आहे: बाहेरचा पैसा आत येतो, माल मात्र जागचा हलत नाही. सूर्यास्त खोक्यात भरून मुंबईला पाठवता येत नाही, त्यासाठी मुंबईलाच यावं लागतं.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. लगोलग १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि २०२१मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. गाड्या वाढल्या, खोल्या वाढल्या. पण मला वाटतं, या जिल्ह्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट ठरली ती निवास-न्याहारीची योजना, म्हणजे माणसाने आपल्याच घराच्या दोन खोल्या पाहुण्याला देणं. कारण गळतीचं सगळ्यात मोठं भोक असतं मालकीचं. हॉटेल बाहेरच्या कंपनीचं असेल तर नफा बाहेर जातो, व्यवस्थापक बाहेरून येतो, आणि तो भाजीसुद्धा एकगठ्ठा शहरातून मागवतो. घर काकूंचं असेल तर नफा घरातच राहतो, आणि त्यातून उद्या गावातलाच गवंडी न्हाणीघराला फरशी बसवतो.

मालदीवची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. तिथे पर्यटन १९७२ला सुरू झालं आणि पुढची तीन-साडेतीन दशकं धोरण असं होतं की रिसॉर्ट निर्मनुष्य बेटांवर, लोकवस्ती वेगळ्या बेटांवर. परकीय चलन भरपूर आलं, पण बेटावर शेती जवळपास नाहीच, त्यामुळे ताटातलं बहुतेक सगळं बोटीने किंवा विमानाने आणायचं. २००९-१०च्या सुमारास नियम बदलले आणि लोकवस्तीच्या बेटांवर छोटी अतिथिगृहं उघडायला परवानगी मिळाली. माफुशीसारख्या बेटावर मग घरोघरी खोल्या निघाल्या. किनारा तसाच, पाणी तितकंच निळं, पण पैसा उतरण्याची जागा बदलली.

लहान अर्थव्यवस्थांची अडचणच ही असते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचा एक नेहमी उद्धृत होणारा अंदाज आहे: आयातीपोटी होणारी गळती छोट्या अर्थव्यवस्थांत ४० ते ५० टक्के, तर ज्यांच्याकडे बहुतेक गोष्टी पिकतात आणि बनतात तिथे १० ते २० टक्के. मालवणच्या बाजारात शिंपल्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. समोर अख्खा समुद्र, आणि माळा बऱ्याचदा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून आलेल्या. त्याच दुकानात बरणीत खाजं असतं, बेसन-गुळाचं, आल्याच्या चवीचं. पाहुण्याने माळेऐवजी खाजं उचललं तर तेवढेच पैसे जास्त फिरतात. मासळीतही असाच फरक आहे. मोठ्या ट्रॉलरवर खलाशी पुष्कळदा नेपाळचे, त्यांची मजुरी त्यांच्या घरी जाते, डिझेलचे पैसे तर आखातापर्यंत पोचतात. छोट्या होडीने जाळं टाकून आणलेली, पाटीवालीकडून घेतलेली मासळी मात्र गावाला अधिक लागू पडते.

जो पैसा गावात राहतो तोही सगळ्यांना सारखा सुखाचा नसतो. पर्यटक सुरमईला जो भाव देतो तोच भाव मग शेजारच्या घरालाही द्यावा लागतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावातल्या माणसाने चांगली सुरमई घ्यायचं मनातही आणू नये. तरणी पोरं जाळ्यांकडून स्कूबा आणि पॅरासेलिंगकडे वळतात. त्यात रोख लवकर सुटते, त्यामुळे त्यांना दोष तरी कसा देणार? किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव शेती-बागायतीच्या हिशेबात बसेनासे होतात. माडाच्या बागेतून वर्षभरात सुटणारी रक्कम आणि मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकाने तुकड्यासाठी सांगितलेली रक्कम यांची तुलनाच होत नाही. जमीन विकली की पैसा एकदाच येतो, आणि तिथून पुढचा प्रत्येक रुपया दुसऱ्याच्या नावावर फिरतो.

दिवसाच्या पाहुण्यांचं गणित आणखी वेगळं. बस सकाळी येते, होडीतून सिंधुदुर्ग किल्ला पाहते, डबा बसमध्येच उघडते आणि संध्याकाळी गोव्याकडे निघते. कचरा, पाणी आणि रस्त्याचा ताण गावाला, जेवण-मुक्कामाचे पैसे पुढच्या गावाला. व्हेनिसने याच दुखण्यावर २०२४च्या एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांना ५ युरोंचा प्रवेशकर लावून पाहिला. भूतानने तर आधीपासूनच रात्रीमागे शुल्क ठेवलंय. भारतीयांना ते १२०० रुपये पडतं.

आणि मग पावसाळा. मेअखेर किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा थांबतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद. म्हणजे दोन्ही नळ एकदमच आटतात. ज्या घराचा सगळा भार पाहुण्यांवर, त्याची ती एकपिकी शेतीच. २०२०मध्ये टाळेबंदीने ते पीक हातातोंडाशी असताना गेलं, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने छपरंच उडवली.

काकूंनी यावर स्वतःपुरता तोडगा काढलाय. मे महिन्यात त्या मसाला कुटून ठेवतात. हिवाळ्यात राहून गेलेले पाहुणे जुलैत फोन करतात, ‘काकू, दोन किलो पाठवा.’ पाहुणा येत नाही, त्याचे पैसे तेवढे येतात. मसाला भाजायला शेजारच्या दोघीजणी, डबा कुरिअरला पोचवायला गावातलाच रिक्षावाला. मसाल्यातली बेडगी मिरची अर्थात कर्नाटकातून आलेली.