बक आणि बूस्ट: अँपिअरचा आकडा नेमका कशाचा?

बक आणि बूस्ट ही डीसी व्होल्टेज बदलणारी सर्किटं: बक व्होल्टेज उतरवतो, बूस्ट चढवतो. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बकवर तर बहुतेकांचा हात बसलेला असतो. १२ चे ५ व्होल्ट करायचे, एलएम२५९६ ही बकची चिप लावायची. त्यावर ३ अँपिअर म्हटलंय म्हणजे लोडला ३ अँपिअरपर्यंत मिळतात. बरोबर. हाच हिशेब बूस्टला लावला की घोळ होतो, आणि तो लोक वर्षानुवर्षं करताहेत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारं एमटी३६०८ या बूस्ट चिपचं चिमुकलं मॉड्यूल घ्या. विकताना सांगतात ‘२ अँपिअर’. त्यावर एका १८६५० (गोल लिथियम) सेलनं १२ व्होल्टची मीटरभर एलईडी पट्टी पेटवायची असते. मीटरला ६० एलईडींची ५०५० पट्टी १४.४ वॅट खाते, म्हणजे १.२ अँपिअर. दोनच्या आतच आहे की! प्रत्यक्षात पट्टी मिणमिणते, चिप पोळते आणि ‘मॉड्यूल डुप्लिकेट निघालं’ म्हणून ओरड होते.

चिपची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा. तिथे ४ अँपिअरची मर्यादा आहे, पण ती आतल्या स्विचची. बकमध्ये कॉइल आउटपुटच्या बाजूला असते, म्हणून स्विच चालू असताना त्यातून साधारण लोडइतकाच करंट जातो. बूस्टमध्ये कॉइल इनपुटच्या बाजूला असते. स्विचला बॅटरीतून ओढलेला करंट सोसावा लागतो. तो काढायला आउटपुटच्या वॅटना आधी एफिशियन्सीनं भागा, मग सेलच्या व्होल्टेजनं. एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर १४.४ चे झाले सुमारे १७ वॅट. सेल उतरून ३ व्होल्टवर आला की करंट साडेपाच अँपिअरच्या वर, त्यात रिपलचा, म्हणजे कॉइलच्या करंटमधल्या चढउताराचा, अर्धा वाटा वेगळा. चारची चिप हे देणार कुठून? सेलवरून १२ व्होल्ट करताना या चिपकडून मी अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त मागत नाही.

भागताना सेलचं सर्वांत खालचं व्होल्टेज घ्या. सेलवर छापलेल्या ३.७ नं भागून ‘बसतंय’ म्हणणाऱ्यांचा मला खरोखर वैताग येतो. त्यात ब्रेडबोर्डच्या बारीक वायरी: जाऊन-येऊन ०.२ ओहम धरले तरी ४ अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. इनपुट पडलं की बूस्ट तेवढेच वॅट पुरवायला आणखी करंट ओढतो, मग इनपुट आणखी पडतं. म्हणून लोड चालू ठेवून मल्टिमीटर थेट मॉड्यूलच्या इनपुट पॅडवर लावा; सेलच्या टोकांवरचं रीडिंग इथे उपयोगाचं नाही.

फ्रिक्वेन्सी, कॉइलचा आकार वगैरे तयार मॉड्यूल घेणाऱ्यानं सोडून द्यावं. फ्यूज मात्र सोडू नका: साध्या बूस्टमध्ये चिप बंद असली तरी कॉइल आणि डायोडमधून बॅटरी आउटपुटला जोडलेलीच राहते, त्यामुळे शॉर्ट झाला तर चिप तो तोडू शकत नाही.

५ व्होल्ट, २ अँपिअर हवे असतील तर मी बूस्टच्या वाटेला जात नाही. दोन सेल सिरीजमध्ये, त्यांना बॅलन्सिंगवालं बीएमएस (सेल सारखे ठेवणारं, त्यांचं रक्षण करणारं सर्किट), पुढे एमपी१५८४चा बक. सेल ६ व्होल्टपर्यंत उतरले तरी बॅटरीतून २ अँपिअरच जातात.