‘प्लँटर’ फलक, चार्ल्स्टन

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन बंदराच्या काठी, ईस्ट बे स्ट्रीटवर उभा असलेला राज्य इतिहासफलक. रॉबर्ट स्मॉल्स (१८३९–१९१५) या कृष्णवर्णीय नेत्याच्या स्मरणार्थ तो २०१२ साली, ‘प्लँटर’ जहाज पळवल्याच्या घटनेला दीडशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, बसवण्यात आला.

या राज्यात असे फलक १९३६ पासून लागत आले आहेत. खांबावर धातूची ओतीव पाटी, तिच्यावर उठावाची अक्षरे आणि तळाशी उभारणाऱ्या संस्थेचे नाव, असा त्यांचा घाट. मजकूर राज्याच्या अभिलेखागार व इतिहास विभागाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. पैसे मात्र फलक मागणाऱ्याने उभे करायचे. पाटीवर जागा मोजकी असते. त्यामुळे मोठ्या आयुष्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा प्रश्न प्रत्येक फलकापुढे असतो, आणि इथे तो फारच ठळकपणे दिसतो.

फलकाची दर्शनी बाजू एका पहाटेला दिली आहे. १३ मे १८६२. अमेरिकेतले यादवी युद्ध चालू होते आणि गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्याची मालवाहतूक करणारी १४९ फूट लांबीची ‘प्लँटर’ ही आगबोट धक्क्याला लागलेली होती. बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी हुकूम मोडून रात्री घरी गेले होते. गुलाम असलेल्या स्मॉल्सला बंदरातले पाणी तोंडपाठ होते. त्याने सहकाऱ्यांसह नांगर उचलला, दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतले आणि कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवून तो सुकाणूच्या खोलीत उभा राहिला. फोर्ट सम्टरसमोरून जाताना त्याने ठरलेली शिट्टी दिली. अंधुक उजेडात किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांना टोपी ओळखीची वाटली असावी; बोट सुटली. तोफांच्या पल्ल्याबाहेर आल्यावर पांढरी चादर वर चढवून त्याने ती नाकेबंदीवरच्या उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. बक्षिसाचे १,५०० डॉलर त्याच्या वाट्याला आले. पुढे ब्यूफर्ट गावातले ज्या मालकाच्या घरामागे तो गुलाम म्हणून जन्मला होता, तेच घर कर थकल्यामुळे लिलावात निघाले आणि ते त्याने विकत घेतले.

स्मॉल्सचे राजकारण फलकाच्या मागच्या बाजूला येते, तेही ओझरते: राज्य विधिमंडळाचा सदस्य, मग पाच वेळा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य. पहाटेच्या काही तासांना एक अख्खी बाजू आणि सुमारे तीन दशकांच्या सार्वजनिक कामाला एक वाक्य, हे माप काही पटत नाही. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते. सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळा हव्यात असा आग्रह तिथे स्मॉल्सने धरला, आणि नव्या घटनेत राज्यव्यापी सार्वजनिक शिक्षणाची तरतूद झाली. ज्या राज्यात गुलामांना लिहायला शिकवणे गुन्हा होता, त्या राज्यातली ही गोष्ट. त्याच वर्षी तो विधानसभेत गेला, १८७० मध्ये राज्य सिनेटमध्ये आणि १८७५ मध्ये वॉशिंग्टनला. १८७७ साली लाच घेतल्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली. प्रतिपक्षाच्या हाती नुकतीच सत्ता आली होती. १८७९ मध्ये गव्हर्नरने माफी दिली.

१८९५ ची राज्यघटना परिषद हा या कहाणीतला सर्वांत कडू भाग. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता राजकारणी बेन टिलमन याच्या पुढाकाराने भरलेल्या या परिषदेचा हेतू कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याचा होता आणि तो उघडपणे बोलला जात होता. १६० प्रतिनिधींत कृष्णवर्णीय अवघे ६, त्यांपैकी ५ ब्यूफर्टचे. मिश्रविवाहावर बंदीचा विषय निघाला तेव्हा स्मॉल्सने दुरुस्ती मांडली: जो गोरा पुरुष कृष्णवर्णीय स्त्रीला ठेवतो त्याला सरकारी पद धारण करता येऊ नये. सभागृहात बसलेल्या अनेकांना ती झोंबली असणार. दुरुस्ती अर्थातच टिकली नाही. मतदानासाठी साक्षरतेची किंवा ३०० डॉलरच्या मालमत्तेची अट आणि मतपट्टी (मत देण्यासाठी भरायचा कर) घटनेत आली. स्मॉल्सने सही करायला नकार दिला. ती घटना, पुष्कळ दुरुस्त्यांसह, राज्यात आजही लागू आहे.

राज्याची राजधानी कोलंबिया येथे विधानभवनाच्या आवारात टिलमनचा पुतळा १९४० पासून उभा आहे. त्याच आवारात स्मॉल्सचाही पुतळा उभारावा असा कायदा विधिमंडळाने २०२४ मध्ये केला. त्याचे दफन मात्र ब्यूफर्टला, टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या अंगणात झाले. तिथे अर्धपुतळ्याखाली बोटीचे नाही, १८९५ मधल्या त्याच्या भाषणातले वाक्य आहे: माझ्या वंशाला खास बचावाची गरज नाही, जगण्याच्या लढाईत समान संधी तेवढी हवी.