करार संपला म्हणजे वाढ गेली, हे खरं नाही

जळगाव एमआयडीसीत चटई कारखान्यांपासून दालमिलपर्यंत युनियन आणि मालक यांच्यातल्या पगाराच्या कराराबद्दल वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकू येतं: "करार संपला की वाढीव पगार बंद. भाऊ, मुदतवाढीवर सही करी टाक." गेल्या आठवड्यात माझ्या चुलतभावाने असाच कागद घरी आणला. वर अर्धी ओळ मजकूर, खाली चाळीसेक सह्यांच्या रेघा. करार मात्र कुणी वाचलेला नव्हता.

ही भीती निराधार आहे. आधीच्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ चं कलम १९ सांगायचं, की मुदत संपली तरी करार लागू राहतो. तो संपवायचा तर लेखी नोटीस द्यावी लागायची आणि त्यानंतरही दोन महिने तो बंधनकारक असायचा. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आहे, फक्त दोन महिन्यांऐवजी साठ दिवस. शिवाय कामगारांच्या बाजूने नोटीस द्यायची, तर ती करार लागू असलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या वतीनेच द्यावी लागते. म्हणजे घाईची गरज नाही. नव्या मागण्यांवर बोलणी होईपर्यंत जुना पगार, जुने भत्ते चालू राहतात.

उलटा गैरसमजही आहे: सभासदांच्या मतदानाशिवाय मुदतवाढ होतच नाही. असं मतदान कायद्याने सक्तीचं केलेलं नाही. ते युनियनच्या घटनेत असेल तरच मागता येतं. म्हणून आधी घटनेची प्रत मागा. नोंदणीकृत युनियनला लेखी नियम ठेवावेच लागतात. भावाला मी तेच सांगितलं. सही त्याने अजून केलेली नाही.