दोन हिरव्या पट्ट्यांचा तापमापक

जुन्या एलईडी बल्बचं पांढरं टोपण काढून पाहिलंत, तर आत पिवळ्याधमक टिकल्या दिसतील. पेटला की पांढरा, विझला की पिवळा, असा हा प्रकार. प्रत्येक टिकलीखाली निळा प्रकाश देणारी इवलीशी चिप असते आणि वरचा पिवळा थर म्हणजे फॉस्फर: यिट्रियम-ॲल्युमिनियमच्या गार्नेट स्फटिकात चिमूटभर सेरियम. तो थोडा निळा प्रकाश गिळतो, पिवळा बाहेर टाकतो. दोन्ही मिसळून आपल्याला पांढरा दिसतो. सेरियम वगळला तर तोच स्फटिक रंगहीन. मात्र मीठ जास्त झालं की भाजी बिघडते, तसंच इथेही: सेरियमचे अणू फार दाटीवाटीने बसले की ऊर्जा आपसात फिरवत बसतात आणि उजेड उलट कमी होतो.

सेरियमच्याच कुळातला अर्बियम मला जास्त गमतीचा वाटतो. (यिट्रियम, यिटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम ही चारही नावं स्वीडनमधल्या इटर्बी या एकाच गावावरून पडली. नावं ठेवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा जराही विचार केलेला नाही.) अर्बियम आणि यिटर्बियम घातलेल्या पांढऱ्या भुकटीवर 980 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझर सोडला, की भुकटी हिरवी उजळते. यिटर्बियम अवरक्त ऊर्जा शोषून अर्बियमला देतो, अर्बियम असे दोन हप्ते जमवतो आणि हिरव्या प्रकाशाच्या रूपात एकरकमी खर्च करतो.

डोळ्याला तो हिरवा ठिपका एकसंध वाटतो. वर्णपटमापकात, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रात, मात्र त्याचे दोन पट्टे होतात, एक 525 नॅनोमीटरच्या आसपास, दुसरा 545 च्या. हे पट्टे देणाऱ्या दोन ऊर्जापायऱ्या इतक्या जवळजवळ आहेत की खालच्या पायरीवरचे काही इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेच्या धक्क्याने वरच्या पायरीवर चढतात. म्हणून भुकटी तापली की 545 च्या तुलनेत 525 चा पट्टा वाढतो. नेहमीच्या तापमानाला या दोन पट्ट्यांचं गुणोत्तर दर अंशाला साधारण 1 टक्क्याने बदलतं. म्हणजे गुणोत्तर मोजलं की तापमान कळतं, आणि भुकटीच तापमापक होते.

सगळी मेख या गुणोत्तरात आहे. लेझर थोडा मंदावला, काचेवर धूळ बसली, तरी दोन्ही पट्टे जवळपास सारखेच फिके होतात आणि भागाकार तसाच राहतो. शिवाय मोजायच्या जागी धातूची तार न्यावी लागत नाही. मायक्रोवेव्हमध्ये किंवा उच्च दाबाच्या विद्युतयंत्रांत, जिथे तारच घोटाळा करते, तिथे भुकटीचा एक ठिपका आणि प्रकाशतंतू पुरतो.

एक पंचाईत मात्र आहे. 980 नॅनोमीटरचा प्रकाश पाणीही बऱ्यापैकी शोषतं. जिवंत पेशींचं तापमान बघायला गेलो, तर तापमापकच त्यांना तापवायला लागतो. त्यावर उतारा म्हणून स्फटिकात निओडिमियमही घालतात. मग लेझर 808 नॅनोमीटरचा चालतो, आणि तो पाण्यातून बराचसा तसाच पार जातो.