झाड कापायची मशीन आणि स्कूटरचा मेकॅनिक: थोडी पार्श्वभूमी

मे महिना लागला की मुंबईत दोन आवाज हमखास सुरू होतात, एक नालेसफाईच्या पोकलेनचा आणि दुसरा फांद्या छाटणाऱ्या कटरचा. कटर म्हणजे चेनसॉ, पण तसं कोणी म्हणत नाही, कटर किंवा सरळ झाड कापायची मशीन. आणि हा दुसरा आवाज बऱ्याचदा मध्येच खोकतो, ढेपाळतो, बंद पडतो, मग दहा मिनिटं नुसती दोरी ओढल्याची खर्र खर्र आणि फांदीवर बसलेल्या माणसाच्या शिव्या.

आमच्या सोसायटीतही एक कटर आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने गेलं तेव्हा आमचा गुलमोहर पार्किंगवर आडवा झाला, शहरभर झाडं पडलेली त्यामुळे आमचा नंबर लागेपर्यंत दोन दिवस गेले, तेवढ्यात सेक्रेटरींनी वैतागून सात-आठ हजारांची ५८ सीसीची चायना मशीन ऑनलाइन मागवली. ती दोनदा चालली. नंतर टाकीतल्या पेट्रोलसकट पंपरूममध्ये पडून. या वर्षी काढली तर हूं नाही की चूं नाही, म्हणून मी कुर्ल्याला एका मेकॅनिक काकांकडे घेऊन गेलो.

काकांनी आधी क्लच काढला. त्यासाठी प्लग उघडला आणि प्लगच्या भोकातून नायलॉनची जुनी दोरी आत सोडली, पिस्टन दोरीवर येऊन अडकला, मग पान्याने क्लच फिरवला तोही उलट्या दिशेने, कारण त्याचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेला माणूस जोर लावून लावून काहीतरी तोडूनच ठेवतो. नंतर ठिणगी देणारी कॉइल आणि फ्लायव्हील, म्हणजे चुंबक बसवलेलं चाक, यांच्यातली फट लावायला त्यांनी ड्रॉवरमधून लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी काढली. फट लागते एक मिलिमीटरच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा, पत्रिकेचा कागद बरोबर तेवढाच. पट्टी मध्ये धरली, कॉइल चुंबकाला चिकटली, स्क्रू आवळले, पट्टी ओढून घेतली, झालं. विचारलं काका हे कुठे शिकलात, तर म्हणाले अहो स्कूटर, दुसरं काय.

तिथून मी या मशीनच्या मागे लागलो, कारण जंगलातलं यंत्र, रिपेअर करणारा स्कूटरवाला आणि लाकूड मुंबईच्या रस्त्यावरचं, हे त्रांगडं जमलं कसं ते कळेना.

सुरुवात तर लाकडाशी संबंधितच नाही. १८व्या शतकाच्या शेवटी जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला बारीक दातांची साखळी वापरली, तीही अडलेल्या बाळंतपणात. जास्त लिहीत नाही, जेवताना वाचत असाल. लाकडाची खरी मशीन आली जर्मनीत. आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी केली, वजन ६४ किलो, म्हणजे एक आख्खा माणूसच, आणि चालवायला दोघं. पुढच्याच वर्षी एमिल लेर्पने पेट्रोलची मशीन थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून बघितली आणि कंपनीला त्या डोंगराचंच नाव दिलं. श्टीलची पेट्रोलवाली १९२९ ला. पेट्रोल यायलाच हवं होतं, जंगलात प्लग पॉइंट कुठून आणणार.

पण त्या मशीनचं एक दुखणं होतं आणि आपल्या दुरुस्तीच्या गोष्टीत तेच महत्त्वाचं. कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, फ्लोटवाला. आपल्या स्कूटर-बाइकच्या कार्बोरेटरमध्ये खाली वाटी असते, तिच्यात पेट्रोल, त्यावर तरंगणारा फ्लोट. गाडी सरळ उभी असते तोवर ठीक, स्कूटर आडवी पडली की पेट्रोल गळतं हे ज्याने चेतक चालवलीय त्याला सांगायला नको. आता झाड पाडायला मशीन आडवी धरावी लागते, मग करायचे काय तर इंजिन सरळच ठेवायचे आणि पुढची पट्टी, म्हणजे बार, तेवढा फिरवायचा, तशी सोय केलेली असायची. वजन वाढलं, कटकट वाढली.

सुटका केली डायफ्रामच्या कार्बोरेटरने, १९५० च्या दशकात. वाटी नाही, फ्लोट नाही, रबरासारखा पातळ पडदा असतो, इंजिनाच्या दाबाने तो वरखाली होतो आणि पेट्रोल खेचतो, मशीन उलटी करा की वाकडी, चालतेच. त्याच सुमारास वजनही उतरलं, १९५० ची श्टीलची एका माणसाने चालवायची मशीन १६ किलोची आणि १९५९ ची कॉन्ट्रा १२ किलोची, शिवाय तिच्यात मधला गिअर काढूनच टाकलेला. म्हणजे आज काकांच्या टेबलावर जे उघडून पडलंय त्याचा साचा तेव्हाच ठरला.

चेनची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. जुन्या चेनचे दात हातकरवतीसारखे सरळ असायचे, ते लाकूड ओरबाडायचे, लवकर बोथट व्हायचे, आणि धार लावायला अर्धा दिवस. अमेरिकेत ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता, त्याने १९४६ मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी बघितली, भुंग्याची अळी, ती आपल्या जबड्याने एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं लाकूड कुरतडत सरळ आडवं-उभं कसंही जात होती. त्याने बसून तसाच दात बनवला, वाकडा, सी अक्षरासारखा, एक डावा एक उजवा. १९४७ ला कंपनी काढली. आज दादरच्या फुटपाथवर रेन ट्रीची फांदी कापणारी चेन असो की कर्जतच्या फार्महाऊसवरची, दात त्या अळीचाच. या दाताला गोल कानस लागते, सपाट चालत नाही. आणि दाताच्या पुढे एक छोटं टेकाड असतं त्याला रेकर म्हणतात, दात किती खोल जाणार ते हे टेकाड ठरवतं, दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली. हा रेकर लक्षात ठेवा, पुढे भांडण याच्यावरूनच आहे.

आता मुंबई. या शहराला जळाऊ लाकूड नेहमीच बाहेरून लागलं, ठाणे जिल्ह्याच्या जंगलातून, खाड्यांतून, पडावांनी. खाडीकाठची तिवरं पण लोक सर्रास तोडून चुलीत घालायचे, ते २००५ साली हायकोर्टाने खारफुटी तोडायला बंदी घातल्यावर आटोक्यात आलं. आमच्या आजोबांची भायखळ्याला लहानशी वखार होती, मी पाहिली ती बंद व्हायच्या बेतात असताना. तिथे करवत कमी, कुऱ्हाड आणि घण-पाचरच जास्त. ओंडक्याला पाचर ठोकायची, घणाचे तीन-चार घाव, की ओंडका तड्कन उभा फाटायचा. आडवं कापायचं तर दोघांनी ओढायची मोठी करवत. माणसं स्वस्त होती म्हणून मशीन लागली नाही, इतका साधा हिशोब. चुलीची लाकडं रॉकेल आणि मग गॅसने संपवली, राहिल्या पावाच्या भट्ट्या आणि स्मशानं. एका अंत्यविधीला साधारण ३०० किलो लाकूड जातं, ते कोणीतरी कुठेतरी कापतच असतो.

तर मशीन आपल्याकडे आली तेव्हा ती रिपेअर करणारा माणूस जंगलखात्यातला नव्हता. तो आधीच गल्लीत बसलेला होता. चेतक, सुपर, राजदूत, आरएक्स १००, आणि रिक्षा, सगळं टू-स्ट्रोक. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि हळूहळू ही सगळी वरात रस्त्यावरून गेली. हात मात्र राहिले. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलचा वास ज्यांच्या बोटांतून जात नाही असे लोक, त्यांच्यासमोर हे टू-स्ट्रोक इंजिन आलं, प्लग, पिस्टन, रिंगा, सायलेन्सरात जमलेला कार्बन, सगळं ओळखीचं. लिटरला २० मिली ऑइल ही स्कूटरची सवय, बऱ्याच चांगल्या कटरना पण तेवढंच लागतं, १ ला ५०. स्वस्त चायना मशीनवर मात्र १ ला २५ लिहिलेलं असतं म्हणजे ४० मिली, आणि हे कोणी वाचत नाही.

पण ओळखीचं म्हणजे सगळंच सारखं नाही ना. काका सांगत होते की पहिल्यांदा कटरचा कार्बोरेटर खोलला तेव्हा ते फ्लोट शोधत बसले, वाटलं आधीच्या मेकॅनिकने हरवला. दुसरा फरक फिरण्याचा. स्कूटर पाच-साडेपाच हजार आरपीएमला पूर्ण ताकद देते, कटर बारा हजारांच्या पुढे जाते. स्कूटरला पेट्रोल थोडं कमी पडलं तर ती कुरकुरते, गरम होते, तुम्हाला वेळ देते. कटर नाही देत, मिनिटभरात पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे आणि खेळ खल्लास. म्हणून एच लिहिलेला स्क्रू, जो फुल वेगातलं पेट्रोल कमी-जास्त करतो, तो कानाने लावायचा असतो. फुल थ्रॉटलला मोकळी फिरवली की ती किंचित अडखळत, बडबडल्यासारखी वाजली पाहिजे, आणि लाकडात घातली की आवाज एकदम साफ. मोकळी असतानाच शिट्टीसारखी सुरेल वाजायला लागली तर समजा पेट्रोल कमी पडतंय. लोक नेमके त्या सुरेल आवाजावर खूष होतात.

मॉडिफिकेशनचं वेड पण आरएक्स १०० वाल्यांकडूनच आलं असं माझं मत. ज्यांनी पोर्ट घासून आरएक्स पळवल्या त्यांना कटरचा सायलेन्सर उघडून आतली जाळी काढायचा, भोक मोठं करायचा मोह होणारच. ताकद वाढते, खोटं नाही. पण धूर मोकळा सुटला की हवा जास्त जाते, त्या मानाने पेट्रोल वाढवावं लागतं, एच स्क्रू थोडा उघडावा लागतो, आणि ते न करता मशीन परत करणारे महाभाग आहेत. आमच्या ओळखीतल्या एकाची वाड्यावरची मशीन अशी एका दुपारात गेली, आंब्याची वठलेली फांदी कापता कापता. जाळी काढली की ठिणग्याही बाहेर उडतात, सुक्या गवतात हे किती शहाणपणाचं ते तुम्हीच ठरवा.

आणि तो रेकर. मशीनचं घराणं सूचिपर्णी जंगलांतलं, मऊ सरळ लाकूड. आपल्याकडे बाभूळ, चिंच, सुबाभूळ, वर मुंबईच्या झाडात पाट्यांचे खिळे, लाइटच्या माळांच्या तारा, कधीतरी अख्खी साखळी बुंध्याने गिळलेली. त्याविरुद्ध खिळेमुक्त झाडं म्हणून मोहिमाही निघाल्या, पण जुने खिळे आतच राहतात. एका खिळ्यावर चेन गेली की दहा-बारा दातांची धार उडाली. मग माणूस वैतागून ग्राइंडर घेतो आणि रेकर सपाट करून टाकतो, की दात खोल जाऊ दे. जातोही, चार घाव. मग दात लाकडात अडकतो, क्लच जळतो, किंवा बारच्या टोकाशी लागलं की मशीन उसळून तोंडाकडे येते. या उसळीसाठीच १९७० च्या सुरुवातीला चेन ब्रेक आला, पुढची ती प्लास्टिकची दांडी, आणि आपल्याकडे हात लागतो म्हणून ती दांडीच कापून टाकलेली मशीन मी स्वतः पाहिलीय. कडक लाकडाला रेकर उलट जास्त उंच ठेवायचा असतो, धारेचा कोन थोडा कमी, तीसऐवजी पंचवीस अंश, आणि कापायचं सावकाश. हे कोणाला पटत नाही.

आमच्या मशीनचं शेवटी निघालं काय तर डायफ्राम. तो पडदा हातात घेतला तर पापडासारखा कडक. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईच्या पंपरूममध्ये हवेत पाण्याशिवाय असतंच काय. टाकीत तळाला पाणी वेगळं बसलेलं, पेट्रोलची नळी चिकट झालेली. डायफ्रामचं किट काही शे रुपयांचं, नागदेवीच्या बाजारात नाहीतर ऑनलाइन मिळतं. काका म्हणाले काम झालं की टाकी रिकामी करायची आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवायची, की आतलं पण संपेल. बारच्या ऑइलच्या टाकीत कोणीतरी गाडीचं काळं जळकं ऑइल भरलेलं, त्याने पंपाचं भोक बुजलेलं, ते वेगळं.

जळणाची बाजू मात्र आता आवळत चाललीय. ९ जानेवारी २०२५ ला मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागतेच. आणि आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ ला रात्री तोड सुरू होऊन दोन हजारांहून जास्त झाडं पडली तेव्हापासून या शहरात कटरचा आवाज आला की खिडक्या उघडतात, लोक खाली येऊन कागद मागतात, बरंच आहे.

ऑनलाइन सध्या ग्राइंडरला लावायचा बार मिळतो, स्वस्तात कटर म्हणून. त्यात क्लच नाही, ब्रेक नाही, तुटलेली चेन अडवायला काही नाही, आणि ग्राइंडर फिरतो अकरा हजाराने. काकांनी एकदा बघितला आणि गिऱ्हाइकाला परत दिला, हात लावणार नाही म्हणाले.

सेक्रेटरींनी दरम्यान बॅटरीवाली छोटी घेतलीय, सहा इंची. १९२६ ला विजेवर सुरू झालं ते फिरून परत तिथेच, फक्त ६४ किलो नाही, एका हातात मावते. मी ती पण काकांना दाखवली. त्यांनी उलटसुलट करून बघितली, कार्बोरेटर नाही, प्लग नाही, दोरी नाही, यात आपलं काय काम म्हणून बाजूला ठेवणार होते, तेवढ्यात चेनवरून अंगठा फिरवला, पुटपुटले, बोथट केलीय की, आणि ड्रॉवरमधून सगळ्यात बारीक गोल कानस काढून बसले.